सागरतीर आणि द्राक्षमळे : एका कौटुंबिक प्रवासाची आंखणी

परदेशीं राहणाऱ्या मुलाकडे चार-सहा महिने राहून येणें ही गोष्ट आतां आपल्या समाजांत पूर्वींच्या काशीयात्रेइतकी दुर्मिळ राहिलेली नाहीं. पुण्या-मुंबईच्या, सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांतील वडील माणसें दरवर्षीं कॅलिफोर्नियास येतात, नातवंडांना शाळेंतून आणतात, सज्जांत तुळस लावतात, आणि दिवाळीच्या सुमारास परत जातात. या मुक्कामांत एखादी तरी मोठी सहल घडावी असें सर्वांसच वाटतें, व ती घडतेहि. परंतु ती बहुधा तरुण मंडळींच्या सोयीनें आंखलेली असते आणि म्हातारीं माणसें तींत सामानाप्रमाणें बसविलेलीं असतात. हा दोष आमच्या हातून एकदां घडला. तो कसा घडला आणि दुसऱ्या खेपेस आम्हीं काय निराळें केलें, तें येथें सांगावयाचें आहे. ज्यांच्या घरीं असा एखादा बेत शिजत असेल, त्यांस त्यांतील कांहीं उपयोगी पडेल.

आम्ही सॅन होजे शहराजवळ राहतों. दादा-वहिनींचें बिऱ्हाड आमच्यापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर. आई सांगलीहून आली ती अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं. तिनें मुलींच्या शाळेंत एकतीस वर्षें भूगोल शिकविला. करमणुकीच्या नगऱ्यांत तिला रस नव्हता, दुकानांत तर मुळींच नव्हता. तिच्या इच्छा दोनच होत्या. आपल्या नकाशांत नेहमीं पूर्वेस, अगदीं उजव्या कडेला असणारा प्रशांत महासागर येथें पश्चिमेस येतो. त्यांत सूर्य मावळतांना पाहावयाचा, ही एक. दुसरी इच्छा एका कुंपणाची. १९०६ सालच्या ज्या भूकंपानें सॅन फ्रॅन्सिस्को शहर उद्ध्वस्त झालें, त्या वेळीं ओलेमा या खेड्याजवळ एक सरळ लांकडी कुंपण मध्येंच तुटलें व त्याचा एक भाग कित्येक फूट बाजूला सरकला. सॅन आंद्रेआसच्या भेगेचा धडा शिकवितांना त्या कुंपणाचें चित्र आईनें फळ्यावर किती वेळां काढलें असेल, त्याची गणती नाहीं. तें तिला डोळ्यांनीं पाहावयाचें होतें.

कॅलिफोर्नियाचा एक क्रमांकाचा राजमार्ग दक्षिणेस डेना पॉइंटपासून उत्तरेस लेगेटपर्यंत, बहुतेक समुद्राच्या कडेकडेनें, साडेसहाशें मैल धांवतो. त्याचा सर्वांत नांवाजलेला भाग म्हणजे माँटेरेच्या दक्षिणेकडील बिग सूरचा. हा भाग अठरा वर्षें खपून, कांहीं अंशीं कैद्यांच्या श्रमांनीं, १९३७ सालीं पुरा झाला. परंतु कड्याच्या कुशींत कोरलेला रस्ता कडा ढांसळला कीं त्याच्याबरोबर जातो. २०१७ च्या मे महिन्यांत मड क्रीक येथें डोंगरच खालीं आला, आणि रस्ता चौदा महिने बंद राहिला. २०२१ च्या जानेवारींत रॅट क्रीकपाशीं त्याचा एक तुकडा समुद्रांत वाहून गेला. २०२३ च्या आरंभापासून तर दोन वर्षांहून अधिक काळ तो सलग पार करतांच आला नाहीं. ज्यांना तिकडे जावयाचें असेल त्यांनीं निघण्याच्या आदल्या दिवशीं राज्याच्या वाहतूक खात्याकडे चौकशी करावी. आम्हीं मात्र उत्तरेकडचा, सॅन फ्रॅन्सिस्कोपासून मेंडोसिनोपर्यंतचा भाग पत्करला. एक तर आईचें कुंपण त्याच वाटेवर. आणि दुसरें, तिकडून द्राक्षमळ्यांच्या खोऱ्यांतून वळसा घालून घरीं येतां येतें.

दादाचा पहिला बेत कागदावर अगदीं निर्दोष होता. मेंडोसिनो आमच्या घरापासून दोनशें मैलांच्या आसपास. फोनवरील नकाशा आंतल्या मोठ्या रस्त्यानें चार तास सांगत होता. जुलैंतल्या एका शनिवारीं पहांटे सहाला निघावें, समुद्रकांठानें वर जावें, द्राक्षमळ्यांतून खालीं यावें आणि रात्रीं जेवावयास घरीं असावें. ओलेमा सकाळींच लागलें. पण उशीर होतो आहे म्हणून ‘कुंपण येतांना पाहूं’ असें ठरलें. येतांना ज्या रस्त्यानें यावयाचें तो ओलेम्यावरून जातच नाहीं, हें त्या घाईंत एकाच्याहि ध्यानीं आलें नाहीं. आईच्या आलें असावें. ती बोलली नाहीं.

समुद्रकांठच्या त्या रस्त्यावर मैलांवरून वेळ काढणें व्यर्थ आहे. तेथें तासास तीस मैल झाले तरी पुष्कळ म्हणावयाचें, आणि जेनर गांवाच्या उत्तरेस डोंगर चढूं लागलें कीं तेवढेहि होत नाहींत. आईला वळणांनीं दोनदां उलटी झाली. धुकें इतकें दाट होतें कीं समुद्र ऐकूं येई, दिसत नसे. ग्वालाला या गांवीं पोहोंचलों तेव्हां दुपारचे दोन वाजून गेले होते. तेथूनच परत फिरलों, आणि रात्रीं साडेदहाला घरीं आलों. मुलें पेंगलेलीं, वहिनी रडकुंडीस आलेल्या, दादा अबोल. तिसऱ्या दिवशीं आई शांतपणें म्हणाली, “मला आतां देवळापर्यंत तेवढें न्या. लांबच्या मोटारींत बसवूं नका.” तिचें परतीचें तिकीट बारा ऑक्टोबरचें होतें. ती पुन्हां येणार नाहीं, हें तिलाहि ठाऊक होतें आणि आम्हांसहि.

यानंतर आमच्या घरांत जें खल झालें, तें एखाद्या लग्नाच्या याद्यांपेक्षां कमी नव्हतें. दादाला अपराधी वाटत होतें, म्हणून तो अधिकच रागावून बोलत होता. शेवटीं आईच म्हणाली कीं, धुकें म्हणजे दैव नव्हे, त्याला कारण असतें; तें आधीं समजून घ्या. उन्हाळ्यांत या किनाऱ्यावर वायव्येचा वारा वाहतो. तो समुद्राच्या पृष्ठावरचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो व त्याच्या जागीं खोलांतलें थंड पाणी वर येतें. त्या थंड पाण्यावरून येणाऱ्या दमट हवेचें धुकें होतें, आणि आंतल्या खोऱ्यांत ऊन तापलें कीं तें धुकें आंत ओढलें जातें. म्हणजे आंतील भाग जितका तापेल, तितका किनारा झांकोळेल. जून-जुलै-ऑगस्ट हे म्हणूनच किनारा पाहण्याचे महिने नव्हेत. मे महिन्याच्या सुट्टीनंतर आईबापांना येथें बोलावणाऱ्या आम्हां मुलांना इतकें साधें कळूं नये, याचें नवल वाटतें. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर आकाश बहुधा मोकळें असतें. द्राक्षांचा हंगामहि त्याच सुमारास चालूं असतो.

पण या महिन्यांना दुसरें एक भय आहे, तें वाचकांपासून लपवून ठेवणें बरें नव्हे. सहा महिने पाऊस नसल्यामुळें डोंगर कोळशासारखे सुकलेले असतात, आणि ईशान्येकडून कोरडा वारा सुटला म्हणजे ठिणगी पुरते. २०१७ च्या ऑक्टोबरांत अशा एका रात्रींत सॅन्टा रोझा शहराचा मोठा भाग जळाला व माणसें दगावलीं. २०२० सालीं धुराचा वास द्राक्षांत उतरल्यामुळें नापा-सोनोमाच्या कित्येक मळेवाल्यांनीं त्या वर्षीं मद्यच केलें नाहीं. यास्तव आम्हीं खोल्या घेतल्या त्या आदल्या दिवसापर्यंत रद्द करतां येतील अशाच घेतल्या, आणि वाऱ्याचा इशारा निघाल्यास जावयाचें नाहीं, असें मुलांना आधींच बजावून ठेवलें.

पहिल्या खेपेस आम्हीं दिशाहि उलट धरली होती. अमेरिकेंत वाहनें रस्त्याच्या उजव्या अंगानें चालतात. त्यामुळें उत्तरेकडे जातांना आपण डोंगराच्या बाजूस असतों आणि दक्षिणेकडे येतांना समुद्राच्या. गाडी उभी करून पाहण्यासाठीं रस्त्याच्या कडेस जे रुंद तुकडे ठेवलेले असतात, ते दक्षिणेकडे येणाऱ्यास सहज उजव्या हातीं सांपडतात. उत्तरेकडे जाणाऱ्यास मात्र समोरून येणाऱ्या गाड्या चुकवून पलीकडे जावें लागतें, व ‘पुढच्या ठिकाणीं थांबूं’ म्हणतां म्हणतां कोठेंच थांबणें होत नाहीं. म्हणून या वेळीं आंतून वर जावयाचें व किनाऱ्यानें खालीं यावयाचें ठरलें. ज्यांना खोल दरीची भीति वाटते त्यांच्या दृष्टीनें मात्र हें उलट आहे. आमच्या वहिनींना ती वाटते. त्यांना चालकाच्या मागची, डोंगराकडची जागा दिली. मोटार लागते त्या माणसानें पुढें बसावें व नजर दूर रस्त्यावर ठेवावी. आईसाठीं पुढची जागा, आलेपाकाच्या वड्या, आणि दर तीन पाऊण तासांनीं नव्हे तर दर पाऊण तासानें थांबणें, हें कलम तिनें स्वतःच्या हातानें लिहिलें. मोटार चालविण्याचा काळ दिवसास चार तासांहून अधिक नाहीं, हें दुसरें. त्यायोगें एका दिवसाच्या सहलीचे पांच दिवस व चार रात्री झाल्या. दादानें रजा कशी मिळविली तें त्यालाच ठाऊक.

द्राक्षमळे म्हटले कीं सर्वजण नापा म्हणतात. १९७६ सालीं पॅरिसमध्यें, बाटलीवरचीं नांवें झांकून झालेल्या परीक्षेंत फ्रेंच परीक्षकांनीं नापाच्या एका शुभ्र व एका तांबड्या मद्यास पहिला क्रमांक दिला. तेव्हांपासून त्या खोऱ्याची कीर्ति व गर्दी सारखी वाढत गेली. परंतु नापा समुद्रापासून दूर आहे. आमच्या वाटेवरचें खोरें म्हणजे अँडरसन व्हॅली. क्लोव्हरडेल गांवीं मोठा रस्ता सोडून एकशें अठ्ठाविसाव्या क्रमांकाच्या रस्त्याला लागलें कीं बूनव्हिलवरून समुद्रापर्यंत सुमारें छप्पन मैल पडतात. पहिले वीस-पंचवीस मैल फार वळणाचे आहेत. आलेपाकाचा निम्मा सांठा येथेंच संपला. पावसाळ्यांत नव्हारो नदीला पूर आला म्हणजे हा रस्ताहि बंद होतो, हें ध्यानांत ठेवावें.

बूनव्हिलच्या लोकांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपसांत बोलावयास एक गुप्त बोली रचली होती. ‘बूंटलिंग’ तिचें नांव. परक्याला कांहींच कळूं नये, अशी तिची रचना. कॉफीला ते ‘झीस’ म्हणत, कारण झेड आणि सी हीं नांवाचीं आद्याक्षरें असलेला कोणी एक गृहस्थ फार कडक कॉफी करी. आमच्या मुलांनीं लगेच ‘च’ च्या भाषेंत बोलण्यास सुरुवात केली. आजी त्यांच्याहून सफाईनें ती बोलते असें आढळल्यावर त्यांचा उत्साह कांहींसा ओसरला.

आतां मद्याविषयीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा पदार्थ वर्ज्य असेल. आमच्याहि घरीं आईसमोर तो कधीं आला नव्हता. दादाला मात्र मळा पाहावयाचा तर चव घ्यावयाची, असें वाटत होतें, आणि तें आईला सांगावयाचें कोणी, हा मोठाच प्रश्न होता. तो वहिनींनीं सोडविला. “आई, तुम्ही रोज रात्रीं द्राक्षासव घेतां, तें तरी काय आहे?” आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, “तें दोन चमचे पाणी घालून असतें. आणि मी घेऊन मोटार हांकीत नाहीं.”

तोच आमचा नियम झाला. मळ्यावर चव देतात ती चार-पांच घोटांची, पैसे घेऊन, व बहुतेक ठिकाणीं आधीं वेळ ठरवून. जाणते लोक घोट तोंडांत घोळवून शेजारच्या भांड्यांत टाकून देतात. हें पाहून आईला आपल्या आजोबांची पिकदाणी आठवली. चालकाच्या रक्तांत मद्यार्काचें प्रमाण ०.०८ टक्के भरलें कीं येथें गुन्हा होतो, व एकवीस वर्षांखालील कोणासहि मद्य देत नाहींत. त्या दिवशीं मोटार हांकणारानें प्याल्याला हातच लावावयाचा नाहीं, हें सर्वांत सोपें. मुलांची व आईची निराशा होत नाहीं. कांहीं मळ्यांवर आंबवल्यावांचून बाटलींत भरलेला द्राक्षांचा ताजा रस मिळतो, आणि तो फार रुचकर असतो.

मळेवाल्यानें वेलीवरचीं चार द्राक्षें आईच्या हातावर ठेविलीं. तीं बोराएवढींहि नव्हतीं. जाड सालीचीं, बियांनीं भरलेलीं, परंतु विलक्षण गोड. सांगलीच्या बाईला द्राक्ष ओळखावयास शिकवावें लागत नाहीं. तासगांवच्या प्रसिद्ध तास-ए-गणेश जातीची निवड ज्या थॉम्सन सीडलेस वेलींतून झाली, त्या जातीस तें नांव विल्यम थॉम्सन या कॅलिफोर्नियांतल्याच बागाइतदारावरून पडलें आहे, हें आईनें त्याला सांगितलें. तो बिचारा चकित झाला. त्यानें उलट तिला सांगितलें कीं, या खोऱ्यांत नदीच्या मुखांतून संध्याकाळीं समुद्राचें धुकें वर येतें, रात्री गार होतात, द्राक्ष सावकाश पिकतें व त्याचा आंबटपणा टिकतो. म्हणूनच येथें पिनो न्वार व गेवुर्त्झट्रामिनर या थंडी मानणाऱ्या जाती लावतात. जुलैंत आमचा समुद्र ज्यानें गिळला, तेंच हें धुकें. पुढें हेंडी वूड्सच्या उद्यानांत शेंकडों वर्षें वयाचे रेडवुड वृक्ष पाहिले. पाऊस नसलेल्या उन्हाळ्यांत तेहि आपल्या तहानेचा बराच भाग धुक्यावर भागवितात. आई एका बुंध्याला हात लावून बराच वेळ उभी होती. वाट सपाट असल्यामुळें तिच्या गुडघ्यांनीं कुरकुर केली नाहीं.

त्या झाडांच्या बोगद्यांतून नव्हारो नदीच्या कांठाकांठानें जातांना शेवटच्या वळणावर एकदम समुद्र समोर येतो. दुपारचे साडेतीन झाले होते. आकाश स्वच्छ होतें. आल्बियन नदीवरचा लांकडी पूल ओलांडला. युद्धामुळें पोलाद मिळेना, तेव्हां १९४४ सालीं तो लांकडाचा बांधला. मेंडोसिनोंत दोन रात्री राहिलों. शनिवार-रविवारीं तेथें पुष्कळ ठिकाणीं दोन रात्रींवांचून खोली मिळत नाहीं. आम्ही मधल्या वारीं गेलों होतों, तरी विश्रांतीसाठीं दोनच घेतल्या. गांवाच्या तीन अंगांस उघडें पठार आहे, त्यावरून म्हातारें माणूसहि काठी टेकीत कड्यापर्यंत जाऊं शकतें. येथें एक सूचना जागोजागीं लाविलेली आढळते : समुद्राकडे पाठ करूं नका. शांत दिसणाऱ्या पाण्यांतून अचानक मोठी लाट येऊन माणूस ओढून नेते. मुलांचे हात धरूनच ठेवावे.

सूर्यास्त आईनें लांकडी बांकावर बसून पाहिला. शाल घट्ट लपेटून घेतली होती. सूर्य बुडाल्यावर तिनें घड्याळ पाहिलें व सांगलींत या क्षणीं सकाळचे किती वाजले असतील तें मुलांना काढावयास लावलें. धाकट्याचें उत्तर बारा तासांनीं चुकलें. ती हंसली नाहीं. पुन्हां काढ म्हणाली.

चौथा दिवस पॉइंट अरिनाच्या दीपगृहासाठीं होता. जुना मनोरा १९०६ च्या भूकंपांत निकामी झाला. हल्लींचा एकशें पंधरा फूट उंचीचा मनोरा १९०८ सालीं लोखंडी सळयांच्या काँक्रीटनें बांधला. वर दादा व मुलें गेलीं; आई खालीं बसून, भेग या बाजूस जमीन सोडून समुद्रांत कोठें शिरते, तें वहिनींना काठीनें मातींत काढून दाखवीत होती. रात्र ग्वालाल्यास काढली. जेथून जुलैंत परत फिरलों होतों त्याच गांवांत, त्याच पेट्रोलच्या पंपासमोर उभें राहतांना दादाला अवघडल्यासारखें झालें. या मार्गावर पेट्रोल व फोनचा संपर्क दोन्ही मैलोगणती मिळत नाहींत, म्हणून नकाशा आधींच उतरवून घ्यावा व टांकी अर्धी झाली कीं भरावी, एवढें जातां जातां सांगून ठेवतों. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासभर चहा बरोबर असला म्हणजे खाण्याची चिंता राहत नाहीं.

पांचव्या दिवशीं मुद्दाम साडेदहापर्यंत थांबून, सकाळचें धुकें विरल्यावर निघालों. फोर्ट रॉसला रशियन व्यापाऱ्यांनीं १८१२ सालीं लांकडी किल्ला उभारला होता, व समुद्री ऊदमांजरांची शिकार संपत आल्यावर १८४१ सालीं विकून टाकला. रशियाचें राज्य येथपर्यंत पोहोंचलें होतें, हें मुलांना खरेंच वाटेना. बोडेगाच्या भूशिरावर एका कंपनीनें अणुशक्तीचें केंद्र बांधण्यासाठीं मोठा खड्डा खणला होता. भेग अगदीं जवळ, म्हणून विरोध झाला व १९६४ सालीं बेत सोडून देण्यांत आला. त्या खड्ड्यांत आतां पाणी सांठतें. तोमालेसच्या लांबट, अरुंद खाडीला लागतांच आई सरळ होऊन बसली. ती खाडी म्हणजे भेगच. डाव्या हातास उत्तर अमेरिकेचें तबक, उजव्या हातास प्रशांत महासागराचें, आणि दोन्ही वर्षास सुमारें दोन इंच परस्परांस घांसून सरकत असतात.

ओलेमास पोहोंचलों तेव्हां चार वाजले होते. भेगेवरची पाऊलवाट पाऊण मैलाच्या आंतली, फरसबंदीची आहे. चाकांची खुर्चीहि तीवरून जाते. कुंपण आतां नवें करून ठेविलेलें आहे, पण तुटलेलीं टोंकें जागच्या जागीं दाखविलीं आहेत. आईनें एका टोंकाला हात लावला, काठी दादाच्या हातीं दिली, आणि त्याचा दंड धरून दुसऱ्या टोंकापर्यंत पावलें मोजीत गेली. तिच्या लहान पावलांनीं तीं दहा भरलीं. “फळ्यावर मी दोन बोटांचें अंतर दाखवीत असें,” ती म्हणाली. मग ती पुन्हां पहिल्या टोंकाशीं आली व मुलांना जवळ बोलावून तीच पावलें त्यांच्याकडून मोजून घेतलीं. थर्मासांत कपभर चहा उरला होता. तो तिनें व दादानें तेथेंच बांकावर बसून वांटून घेतला.